हाकेला धावणारे स्वयंसेवक

मोठ्या शहरात आग लागली म्हणजे घंटा वाजवीत बंब येतो आणि वेतन घेणारे कुशल जवान ती विझवू लागतात. महाड शहरात व तेथील औद्योगिक वसाहतीतही ही सोय आहे. परंतु महाड व पोलादपूर या तालुक्यांतील कित्येक वाड्या डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या आहेत. तेथवर बंब चढेपर्यंत गवताच्या गंजीची राख होऊन जाते. फाल्गुन-चैत्रात वणवा वाडीकडे सरकू लागला की हिरव्या फांद्यांनी झोडपून तो विझवावयास धावतो तो शेजारीच. आग असो, पूर असो वा दरड. या मुलखात संकटाची पहिली घटका स्वयंसेवकाची असते.

ता. २८ जुलै २०१८ चा प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना महाबळेश्वरी सहलीस नेणारी बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३० जण मृत्यू पावले. एकटा वाचला, आणि तो दरी चढून वर आला म्हणूनच ही वार्ता जगास कळली. आषाढाचा पाऊस, दाट धुके, निसरडे कडे! अशा स्थितीत महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांचे गिर्यारोहक व परिसरातील तरुण दोर बांधून खाली उतरले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीही आली, आणि एकेक देह वर आणण्याचे काम दुसऱ्या दिवसापर्यंत चालले.

ज्यांस वाचविणे शक्य नाही त्यांच्यासाठी जिवंत माणसाने आपला जीव का धोक्यात घालावा, असे कोणी विचारील. याचे उत्तर सावित्रीच्या काठी मिळते. ता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा १९२८ साली बांधलेला पूल पुरात कोसळला व एस. टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. त्यांतील काहींचे देह कधीच हाती आले नाहीत. ज्या घरी अंत्यसंस्कारही करता आला नाही, तेथील वाट पाहणे कधी संपतच नाही. स्वयंसेवक दरीतून वर आणतो तो केवळ देह नव्हे. त्या घराच्या दुःखास तो विसाव्याची जागा मिळवून देतो.

महाड तालुक्यातील तळीये येथे ता. २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पुराने रस्ते अडविले होते. बाहेरची पथके पोचावयास दुसरा दिवस उजाडला. तोवर जे वाचले होते, तेच काय ते मदतनीस.

अशा सेवेस केवळ धैर्य पुरत नाही. दोर कोणत्या खडकास वा झाडास बांधावा, वर कोणी थांबावे, जखमीस कसे उचलावे, हे आधी शिकावे लागते. एकदा जबर हिसका बसलेला दोर जाणते गिर्यारोहक पुन्हा वापरीत नाहीत. म्हणजे एखादा प्रसंग पार पडताच नवा खर्च उभा राहतो. तो पुष्कळदा या मंडळींस पदरमोड करून किंवा वर्गणी जमवून भागवावा लागतो. वृत्तपत्रांतील कौतुक चार दिवसांत ओसरते. पुढचा पावसाळा मात्र चुकत नाही.

येथे आम्हांस आपल्या सुशिक्षित घरांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. परक्याचा मुलगा दरीत उतरला की आपण त्यास वीर म्हणतो. आपल्या मुलाने तसे नाव काढताच आजीपासून काकांपर्यंत सारे घर त्यास अडविते. ही काळजी स्वाभाविक आहे, तिची आम्ही थट्टा करीत नाही. परंतु सर्वांनीच मुले घरी ठेविली तर हाकेला धावावयाचे कोणी? प्रत्येकाने कड्यावरून उतरावे असे नाही. घरातील एकाने प्रथमोपचार शिकावा, मंगलकार्याच्या खर्चातून एका दोराचे मोल काढून ठेवावे, आणि अपघातस्थळी बघ्यांची गर्दी वाढवू नये. एवढे तर कोणत्याही कुटुंबास साधण्यासारखे आहे.

संस्कृतात ‘सहाय’ या शब्दाचा मूळ अर्थ बरोबर जाणारा असा आहे. ‘साहाय्य’ हा शब्द त्यावरूनच झाला. दुरून हळहळणे हे साहाय्य नव्हे. महाड-पोलादपूरचे हे तरुण संकटग्रस्ताबरोबर दरीच्या तळापर्यंत जातात. त्यांच्याबरोबर निदान घाटमाथ्यापर्यंत जाणे हे आपले कर्तव्य आहे.