विश्लेषण : व्हिडीओत बिनधास्त, सेटवर हतबल? पॉप संगीतातील ‘स्त्री सक्षमीकरणा’चा हिशेब

रॉबिन थिक, फॅरेल विल्यम्स आणि टी. आय. या तिघांचे ‘ब्लर्ड लाइन्स’ हे गाणे २०१३ मध्ये अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. व्हिडीओत गायक पुरुष पूर्ण कपड्यांत आणि तीन मॉडेल जवळपास विवस्त्र. टीका होणारच होती, तशी ती झाली. एडिनबरा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेने तर आपल्या इमारतींत हे गाणे वाजवण्यावरच बंदी घातली. पण व्हिडीओच्या बाजूनेही एक युक्तिवाद झाला : या मुली कुणाच्या हातचे खेळणे नाहीत, उलट सूत्रे त्यांच्याच हाती आहेत. आठ वर्षांनी त्यांच्यापैकीच एकीने सेटवरची हकिगत लिहिली आणि हा युक्तिवाद पुन्हा तपासण्याची वेळ आली.

दावा नेमका काय होता?

व्हिडीओच्या दिग्दर्शक डायन मार्टेल, म्हणजे एक स्त्री. मॉडेलना आपण मुद्दाम थेट कॅमेऱ्यात पाहायला सांगितले, त्यामुळे पुरुष हास्यास्पद आणि मुली वरचढ दिसतात, असे त्यांचे म्हणणे होते. हा बचाव वरवरचा नव्हता. चित्रपट अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मधील निबंधात ‘पुरुषी नजर’ ही कल्पना मांडली. पडद्यावर पुरुष पाहतो आणि स्त्री पाहिली जाते, असे त्याचे ढोबळ सार. मग त्या स्त्रीनेच नजर रोखून उलट पाहिले तर? मार्टेल यांचा प्रयोग हाच होता. एमिली राताजकोव्स्की ही तेव्हा २१ वर्षांची मॉडेल या व्हिडीओने रातोरात प्रसिद्ध झाली आणि तिनेही अनेक वर्षे या कामाचे समर्थनच केले.

सेटवर काय घडले?

‘माय बॉडी’ या २०२१ मधील पुस्तकात राताजकोव्स्कीने लिहिले, की चित्रीकरणादरम्यान थिकने मागून येऊन तिच्या उघड्या छातीला संमतीशिवाय हात लावला. मार्टेल यांनीही ‘संडे टाइम्स’शी बोलताना याला दुजोरा दिला, आपण थिकवर ओरडलो, असे त्यांनी सांगितले. चित्रीकरण मात्र पुढे सुरू राहिले.

या हकिगतीतला अस्वस्थ करणारा भाग वेगळाच आहे. तोपर्यंत सेटवर मजा येत होती, असेही राताजकोव्स्की लिहिते. दिग्दर्शक स्त्री, आजूबाजूला काम करणाऱ्यांत स्त्रिया, वातावरण मोकळे. म्हणजे सक्षमीकरणाच्या चर्चेत ज्या अटी घातल्या जातात, त्या बऱ्याचशा पूर्ण होत होत्या. तरीही त्या एका क्षणी सेटवर खरी सत्ता कुणाची आहे हे सगळ्यांना कळले, आणि ती मुलींची नव्हती. गाणे थिकचे होते. मॉडेल बदलता आली असती, गायक नाही. कॅमेऱ्यात कितीही रोखून पाहिले तरी हे गणित बदलत नाही. आणि प्रेक्षकाला व्हिडीओ शंभरदा पाहूनही ते दिसत नाही.

फॅरेल विल्यम्सने २०१९ मध्ये एका मुलाखतीत आपल्या जुन्या काही गाण्यांची लाज वाटते, असे मान्य केले. त्यात या गाण्याचाही विषय होता.

‘माझी निवड’ हा मुद्दा कुठून आला?

तो जुना आहे. मॅडोनाच्या ‘जस्टिफाय माय लव्ह’चा व्हिडीओ १९९० मध्ये एमटीव्हीने दाखवायला नकार दिला. तिने तो व्हीएचएस कॅसेटवर विकायला काढला. एबीसी वाहिनीच्या ‘नाइटलाइन’ कार्यक्रमात, या वादातून जास्तच पैसे मिळतील ना, असे विचारल्यावर तिने ते नाकारले नाही. इथे निवड तिची आणि नफाही तिचा, निदान हिशेब तरी स्पष्ट.

सगळ्यांचा तसा नसतो. अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या पारंपरिक करारांत व्हिडीओचा काही किंवा संपूर्ण खर्च पुढे कलाकाराच्या रॉयल्टीतून वळता केला जातो. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुतेकदा कंपनीकडेच राहते. म्हणजे ‘बोल्ड’ दिसण्याचे बिल गायिकेच्या खात्यावर आणि मालमत्ता दुसऱ्याच्या. बदनामीची वाटणीही सरळ नसते. ऑगस्ट २०१३ मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात मायली सायरस आणि थिक यांनी एकत्र नृत्य केले. ती २० वर्षांची, तो ३६ वर्षांचा, विवाहित. टीकेचा भडिमार झाला तो मुख्यतः तिच्यावर.

मग ‘वॅप’चे काय?

कार्डी बी आणि मेगन दी स्टॅलियन यांचे हे गाणे ऑगस्ट २०२० मध्ये आले आणि थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचले. स्त्रीच्या लैंगिक सुखाविषयी इतके उघड गाणे की यूट्यूबवरच्या व्हिडीओत शब्द बदलावे लागले. इथे चित्र ‘ब्लर्ड लाइन्स’च्या नेमके उलटे : दिग्दर्शक कॉलिन टिली पुरुष, पण गाणाऱ्या आणि गाण्याच्या लेखनात वाटा असलेल्या स्त्रिया, मिरवणाऱ्याही त्याच. सनातनी राजकारण्यांनी नाके मुरडली, तर चाहत्यांनी याला मुक्तीचा जाहीरनामा ठरवले. दोन्ही बाजू बोलत होत्या त्या कपड्यांबद्दल आणि शब्दांबद्दलच.

त्याच वर्षी मेगन मात्र ह्यूस्टनमधील आपल्या रेकॉर्ड कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली होती. उमेदीच्या काळात केलेला करार अन्यायकारक आहे, असा तिचा दावा होता. हा वाद ऑक्टोबर २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. पुढच्याच महिन्यात तिचे ‘कोब्रा’ हे गाणे तिच्या स्वतःच्या कंपनीतर्फे आले. आता सगळा खर्च माझ्याच खिशातून होतोय, हे तिने चाहत्यांना आधीच सांगून टाकले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने वॉर्नर म्युझिकशी वितरणाचा करार केला. त्यात गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी तिच्याकडेच राहिली आहे.