मृगाच्या किड्याचा चुलतभाऊ चावला की ताप येतो, विदर्भातल्या स्क्रब टायफसचं हे प्रकरण काय आहे?

पहिला पाऊस पडला की मातीतून लालभडक मखमली किडे बाहेर येतात. मृगाचा किडा. विदर्भात लहानपण गेलेल्या प्रत्येकाने तो तळहातावर घेतलाय, काडेपेटीत ठेवलाय. त्याला आठ पाय असतात, म्हणजे शास्त्राच्या हिशोबात तो कीटक नाहीच. तो आहे माइट. कोळी, विंचू आणि गोचीड ज्या खानदानातले, त्याच खानदानातला.

हा किडा माणसाला काही करत नाही. पण याचा एक जवळचा नातेवाईक आहे, त्याचं पिल्लू डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, आणि ते चावलं तर माणूस आयसीयूपर्यंत जाऊ शकतो.

२०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस हे नाव घरोघरी पोहोचलं ते याच पिल्लामुळे. नागपूरच्या मेडिकलमध्ये रुग्ण वाढले, काही जण दगावले आणि पेपरात रोज आकडे यायला लागले. लोकांना वाटलं नवीनच रोग आला.

रोग नवीन नव्हता. चीनमध्ये चौथ्या शतकात अशा तापाचं वर्णन लिहून ठेवलेलं आहे. ज्या जिवाणूमुळे तो होतो त्याचं नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. यातला दुसरा शब्द जपानी, त्सुत्सुगा म्हणजे आजार आणि मुशी म्हणजे किडा. दुसऱ्या महायुद्धात इंफाळ आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या सैनिकांना या तापानं हैराण केलं होतं. १९४८ मध्ये क्वालालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉल दिल्यावर रुग्ण बरे होतात हे दिसलं, तेव्हा कुठे त्याची भीती कमी झाली.

आता भंडारा जिल्ह्याकडे या. भंडारा-नागपूर रस्त्यावरचं शहापूर घ्या किंवा आजूबाजूचं कुठलंही गाव. हा धानाचा पट्टा. जुलैत रोवणी, मग निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापणी. बांधीत पाणी असतं आणि धुऱ्यावर गुडघ्याएवढं गवत. त्या गवतात उंदीर, घुशी, चिचुंद्र्या. आणि त्यांच्या कानात गुच्छ करून बसलेली माइटची पिल्लं, ज्यांना चिगर म्हणतात.

या चिगरचं आयुष्य भारी विचित्र आहे. माइट अंडी घालतो, त्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, मग आठ पायांचं अर्धवट वाढलेलं रूप, मग प्रौढ. यातलं फक्त पिल्लू प्राण्यांना चावतं आणि तेही साधारणपणे आयुष्यात एकदाच. पुढचं सगळं आयुष्य मातीत, बारीकसारीक किड्यांची अंडी खाण्यात जातं. चावतानाही ते रक्त पीत नाही. लाळेनं कातडी विरघळवून तो रस पितं. आकार साधारण ०.२ मिलीमीटर.

इथे हुशार वाचकाला प्रश्न पडेल. एकदाच चावत असेल तर रोग पुढे कसा जातो? एका उंदराकडून घेऊन दुसऱ्या माणसाला द्यायला दोनदा चावायला नको का? उत्तर असं की जिवाणू आईकडून अंड्यात जातो. पिल्लू जन्मतःच तो घेऊन येतं. उंदीर पिल्लांना जगवतो, पण रोगाचा खरा साठा माइटच्या वंशातच असतो. म्हणूनच एखाद्या गावात एका धुऱ्याजवळ रुग्ण सापडतात आणि पलीकडच्या शेतात एकही नाही, असं होऊ शकतं.

चावल्यानंतर साधारण ६ ते २१ दिवसांनी ताप येतो. डोकं दुखतं, अंग दुखतं, कधी पुरळ येतं. प्लेटलेट कमी होतात. पावसाळ्यात हे ऐकलं की सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो, डेंग्यू. खरा घोळ इथेच आहे. डेंग्यू विषाणूचा, त्यावर थेट औषध नाही. स्क्रब टायफस जिवाणूचा, त्यावर डॉक्सीसायक्लिनसारखं स्वस्त आणि जुनं औषध आहे. पण साध्या तापाला सर्रास दिली जाणारी पेनिसिलिनच्या किंवा सेफॅलोस्पोरिनच्या जातीतली अँटिबायोटिक्स इथे चालत नाहीत, कारण हा जिवाणू पेशीच्या आत लपून बसतो. आठवडा असाच गेला की फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर येतं.

एक खूण मात्र आहे. चिगर चावला तिथे काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, खाजत नाही. आणि असते कुठे, तर काखेत, जांघेत, कमरेच्या नाड्याखाली, स्तनांच्या खाली. सावळ्या कातडीवर पटकन दिसत नाही, रुग्ण लाजून सांगत नाही, गर्दीच्या ओपीडीत बघायला वेळ नसतो. सगळ्यांना ती येतेच असंही नाही. पण माझ्या मते रोवणी-निंदण करून आलेल्या बाईचा ताप पाच दिवसांत उतरत नसेल, तर ही खपली शोधणं हे कुठल्याही महागड्या तपासणीच्या आधीचं काम आहे.

तपासणीतही गोची आहे. वाइल-फेलिक्स नावाची जुनी रक्ततपासणी स्वस्त आहे, पण तिच्यावर फार विसंबता येत नाही. आयजीएम एलायझा जास्त भरवशाची, पण ती पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात.

आता संशोधनाकडे. माइट आणि गोचिडांच्या अभ्यासाला अ‍ॅकॅरॉलॉजी म्हणतात. जगात माइट-गोचिडांच्या सुमारे ५५ हजार जातींची नोंद झालीये आणि त्यांच्यासाठी वेगळी संशोधन नियतकालिकं निघतात. ऐकायला हा विषय अगदी कोपऱ्यातला वाटतो. पण प्रत्यक्षात काय करतात? पिंजरे लावून उंदीर-चिचुंद्र्या पकडतात, कानातले चिगर काढतात, काचपट्टीवर ठेवून पाठीवरच्या ढालीचा आकार आणि केस बघतात. भारतात मुख्य गुन्हेगार लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स. मग एका उंदरामागे सरासरी किती चिगर ते काढतात. ०.६९ च्या वर आकडा गेला की तिथे धोका आहे असं धरतात.

विदर्भातल्या डॉक्टरांनीही यात भर घातलीये. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये इंडियन पेडिॲट्रिक्समध्ये एक गुणपद्धत छापली. गोचिडांमुळे होणारा स्पॉटेड फीवर हा स्क्रब टायफसचा भाऊबंद. लहान मुलात तो लॅबची वाट न बघता कसा ओळखायचा, हे त्यात लक्षणांना आणि साध्या तपासण्यांना गुण देऊन ठरवलंय. पुढे सेवाग्रामच्या संशोधकांनी वर्धा जिल्ह्याच्या शहरी भागातही स्क्रब टायफस असल्याचं मांडलं. म्हणजे ‘आम्ही शेतात जात नाही’ हे कारण पुरेसं नाही.

आणि २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये भारतातलाच मोठा अभ्यास आला. वेल्लोरच्या सीएमसीच्या पुढाकाराने ७ केंद्रांवर ७९४ गंभीर रुग्ण घेतले. डॉक्सीसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिली तर मृत्यू, न उतरणारा ताप किंवा टिकून राहिलेली गुंतागुंत यांपैकी काही होण्याचं प्रमाण ३३ टक्के राहिलं. एकच औषध दिलं तर ते ४७ टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही औषधं जुनीच, पण एकत्र देऊन बघायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

एक नावाचा गोंधळही सांगून टाकतो. शेतीखातं माइटला ‘कोळी’ म्हणतं (मिरचीवरचा, नारळावरचा), डॉक्टर ‘माइट’ म्हणतात, आणि बोलताना स्क्रब टायफसला कुणी ‘गोचिडाचा ताप’ म्हणून मोकळं होतं. गोचीड वेगळी. तिच्यामुळे २०१६ पासून सिंधुदुर्गच्या दोडामार्गात माकडताप आला, तो विषाणूचा आजार, त्याला डॉक्सीसायक्लिन लागू नाही. स्क्रब टायफसच्या भीतीनं बैलाच्या गोचिडा काढत बसलात तर बैलाचं भलं होईल, तुमचा धोका तेवढाच राहील.

धोका कमी करायचा तर गवतावर थेट बसू-झोपू नका, कपडे गवतावर वाळत घालू नका. शेतात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आल्यावर अंग चोळून आंघोळ करा आणि कपडे गरम पाण्यात टाका. घराभोवतीचं गवत काढा, उंदरांचा बंदोबस्त करा. ताप आला तर मेडिकलवाल्याकडून गोळी आणून खाऊ नका. डॉक्टरला सांगा की बांधीत काम केलंय, आणि अंगावर काळी खपली असेल तर लाज न बाळगता दाखवा. गरोदर बाई असेल तर तेही आधी सांगा, तिला औषध वेगळं दिलं जातं.