छपराखाली किती कुटुंबं?

उपग्रहाच्या छायाचित्रात पत्र्याची छपरं दिसतात. पण एका छपराखाली एक कुटुंब राहतं की चार, नळाला पाणी येतं का, हे कळत नाही. जनगणनेच्याही मर्यादा आहेतच. 2011 मध्ये सरकारदप्तरी नोंद नसलेली वस्ती झोपडपट्टी ठरायला साधारण 60-70 घरं दाटीनं असावी लागत. कोलकात्यात अशा मोजणीत सुमारे 14 लाख लोक आले; कालव्याकाठची पंधरा-वीस घरं मात्र निकषाबाहेरच राहत.

म्हणून कोलकात्यातल्याच ऋषी अरबिंदो कॉलनीतल्या मुलांचं काम मला फार मोलाचं वाटतं. अमलान गांगुली यांच्या ‘प्रयासम’ संस्थेची ही मुलं दारोदार फिरली, माणसं मोजली, हातानं नकाशा काढला. कोणत्या बाळाचा पोलिओ डोस राहिलाय, याचीही नोंद ठेवली. पुढं मोबाइल आणि जीपीएस हाती आले. 2013 च्या ‘द रिव्होल्युशनरी ऑप्टिमिस्ट्स’ या माहितीपटात या मुलांचं काम पाहायला मिळतं.

अशी मोजणी तशी नवी नाही. मुंबईत ‘स्पार्क’ या संस्थेनं 1985 मध्येच पदपथावर राहणाऱ्यांची गणना केली होती.

आता संगणक छायाचित्रांवरून वंचित वस्त्या ओळखतो. तो चुकला, तर सांगणार कोण? तिथले रहिवासीच. ती दुरुस्ती नोंदवून घेण्याची सोय प्रत्येक महापालिकेनं करायलाच हवी.