हाची-रोकूला वारस मिळेल का?

आपल्याकडे टोयोटा म्हणजे आधी क्वालिस, मग इनोव्हा. आठ माणसं, टपावर बॅगा, शिर्डी नाहीतर गणपतीपुळे, आणि दोन लाख किलोमीटर झाले तरी कुरकुर नाही. याच कंपनीने एके काळी पगारदार तरुणांना परवडतील अशा खट्याळ, दोन दारांच्या मोटारी काढल्या हे सांगितलं, तर ऐकणारा हसतो. पण 1983 साली जपानमध्ये कोरोला लेव्हिन आणि स्प्रिंटर ट्रुएनो ही जोडी आली. कंपनीच्या दप्तरी तिचा क्रमांक एई86. पोरं तिला नुसतं ‘हाची-रोकू’ म्हणत, म्हणजे ‘आठ-सहा’. 1.6 लिटरचं इंजिन, जोर मागच्या चाकांवर, अंग हलकं. पुढे 1995 पासून शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा निघाली. तिच्यात टोफू पोचवणारा एक पोरगा हीच गाडी घाटातून पळवतो. भंगाराच्या वाटेवरची मोटार त्या चित्रकथेने दैवत करून टाकली.

मग टोयोटाच्या स्पोर्ट्‌स कारचा दुष्काळ पडला. सुप्रा 2002 मध्ये थांबली, सेलिका 2006 मध्ये, एमआर-एस 2007 मध्ये. कारण साधं, व्यापारी आहे. पत्रा दाबायचे साचे, धडक-चाचण्या, धुराच्या चाचण्या हा खर्च गाड्या दहा हजार खपोत की दहा लाख, जवळजवळ तेवढाच. त्यात अशा गाडीचे हौशी गिऱ्हाईक पहिल्या वर्षा-दोन वर्षांत उड्या टाकतात, आणि नंतर शोरूम ओस पडते. महाग गाडीत हा खर्च किमतीत मुरवता येतो. स्वस्त गाडीत तो मुरवायला जागाच नसते.

पुढची गोष्ट ताळेबंदात सापडणार नाही. जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगच्या वीस किलोमीटरहून लांब, डोंगराळ ट्रॅकवर कंपनीचे मुरब्बी चाचणी-चालक हिरोमु नारुसे हे संस्थापकांच्या घराण्यातल्या अकिओ टोयोडांना गाडी चालवायला शिकवत होते. शेजारून इतर कंपन्यांच्या झाकलेल्या, अजून बाजारात न आलेल्या गाड्या सुसाट जायच्या. टोयोटाच्या भावी अध्यक्षाच्या हाती मात्र उत्पादन बंद झालेली जुनी सुप्रा. कारण नवी स्पोर्ट्‌स कार घरात नव्हतीच. 2007 मध्ये दोघे तिथल्या 24 तासांच्या शर्यतीत उतरले, ते टोयोटाच्याच दोन जुन्या, वापरलेल्या अल्तेझा गाड्या घेऊन. टोयोटा हे नाव लावलं नाही; संघ ‘गाझू रेसिंग’ म्हणून धावला आणि अकिओ ‘मोरिझो’ या टोपणनावाने. 2009 च्या जूनमध्ये, कंपनी तोट्यात असताना, तेच अध्यक्ष झाले. वर्षभरात नारुसे त्याच ट्रॅकजवळ चाचणीच्या गाडीत अपघातात गेले. मला वाटतं, टोयोटाच्या स्पोर्ट्‌स कारचं आजचं अस्तित्व त्या जुन्या सुप्राच्या खजिलपणातून आलं आहे.

अर्थात नुसत्या खजिलपणावर कारखाना चालत नाही. टोयोटाने 2005 मध्ये सुबारूच्या मूळ कंपनीत सुमारे 8.7 टक्के हिस्सा घेतला होता. तिथून भागीदारीचा रस्ता निघाला. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी सुबारूचं आडवं, बुटकं बॉक्सर इंजिन घेतलं, त्यावर टोयोटाची इंधन-यंत्रणा बसवली. सिलिंडरचा व्यास 86 मिलिमीटर, दट्ट्याची धावही 86. मुद्दाम जुळवलेलं असो वा योगायोग, भक्तांना एवढं पुरे. 2012 साली आलेली ही ‘86’ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड, दोघी गुन्मा प्रांतातल्या ओता इथे सुबारूच्याच कारखान्यात बनू लागल्या. टायर तर चक्क प्रियसवर दिसणाऱ्या जातीचे, कमी पकडीचे! बेताच्या वेगातही मागची बाजू घसरावी आणि चालवणाऱ्याला गंमत यावी, हा हेतू. अमेरिकेत किंमत 25 हजार डॉलरच्या आसपास होती. 2021 मध्ये आलेल्या जीआर86 ला 2.4 लिटरचं इंजिन मिळालं, आणि किंमत पुढे 30 हजारांच्या घरात गेली.

सुप्राही 2019 मध्ये परतली, पण बीएमडब्ल्यूच्या हाडांवर आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या कारखान्यातून. तिला परवडणारी म्हणणं धाडसाचं आहे, आणि तिचाही निरोप 2026 सालासाठी ठरला.

म्हणजे हाची-रोकूच्या वारसाचा प्रश्न हा दुसऱ्याच्या चुलीवर शिजवलेल्या भाकरीचाच प्रश्न आहे. आणि नुसतं गिऱ्हाईक असूनही भागत नाही; युरोपात काय झालं पाहा. ब्रिटनमध्ये जीआर86 चा पहिला वाटा दीड तासात संपला. तरीही युरोपातली विक्री सुरुवातीपासून दोनच वर्षांपुरती ठरलेली होती. 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या सुरक्षा-नियमांसाठी तिची रचना बदलणं त्या मोजक्या खपात परवडणारं नव्हतं. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना दुकान बंद झालं.

माझा अंदाज विचाराल तर टोयोटा स्पोर्ट्‌स कार सोडणार नाही. ‘परवडणारी’ हा शब्द मात्र हळूहळू सरकत जाईल. घरच्या मोतोमाची कारखान्यात बनणारी जीआर यारिस घ्या. नाव छोट्या गाडीचं. किंमत मात्र तशी मुळीच नाही. हिरोशिमाच्या माझदाने एमएक्स-5 ही छोटी स्पोर्ट्‌स कार 1989 पासून अखंड ठेवली, 2016 मध्ये दहा लाखांचा टप्पा गाठला. पण माझदासाठी ती गाडी म्हणजे घराण्याची ओळख. टोयोटासाठी स्पोर्ट्‌स कार ही एका माणसाची, अकिओंची, हौस होती, आणि तो माणूस 2023 मध्ये अध्यक्षपद कोजी सातो यांना देऊन चेअरमन झाला.

त्याच वर्षी जानेवारीत तोक्योच्या मोटार मेळ्यात अकिओंनी दोन जुन्या हाची-रोकू मांडल्या. एकीत विजेची मोटर बसवलेली. दुसरीत हायड्रोजनच्या टाक्या होत्या, टोयोटाच्याच मिराई या हायड्रोजन-गाडीतून काढलेल्या. तिचं 1980 च्या दशकातलं इंजिन जागच्या जागी होतं, थोडंफार बदलून, आणि ते अजूनही आवाज करत होतं.