उतरणाऱ्याला शिकवता, उतरवणाऱ्याला कोण शिकवणार?

दरवर्षी ४ मार्चला देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा दिवस. कारखान्याच्या फाटकावर झेंडा लागतो, कामगारांच्या छातीवर बिल्ला लागतो, मॅनेजर साहेब शपथ वाचून दाखवतात, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात. यात वाईट काहीच नाही. यंत्राला जाळी बसवा, हेल्मेट घाला, हे शंभर वेळा सांगितले तरी कमीच आहे. पण त्याच कारखान्याच्या मागच्या गल्लीत मॅनहोलचे झाकण बाजूला सारून, कमरेला दोर बांधून एक माणूस आत उतरत असतो. त्याला कोणी शपथ दिलेली नसते आणि बिल्लाही लावलेला नसतो. तो कोण असतो, कोणत्या वस्तीतून आलेला असतो, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

तरीही सरकारचेच आकडे सांगतो, म्हणजे कोणी आमच्यावर जातीयवादाचा आरोप करायला नको. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ पर्यंत सुमारे ३८ हजार गटार व सेप्टिक टाकी कामगारांची नोंद झाली होती. त्यातले जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय निघाले. एकट्या अनुसूचित जातीचे सुमारे ६९ टक्के. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली, हेही सरकारनेच संसदेत सांगितले आहे. म्हणजे दर पाच दिवसांना एक मृत्यू. आणि ही फक्त कागदावर आलेली संख्या.

जुलै २०२५ मध्ये संसदेत आणखी एक गोष्ट पुढे आली. २०२२ आणि २०२३ मधल्या अशा ५४ मृत्यूंची सामाजिक न्याय मंत्रालयाने पाहणी करून घेतली होती. त्यात ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचे एकही साधन नव्हते. उरलेल्या पाच जणांकडे होते ते हातमोजे, एकाकडे त्यासोबत गमबूट. ५४ पैकी ३८ जण असेच वैयक्तिक बोलावून आणलेले. सरकारी पगारावर फक्त पाच. बहुतेक ठिकाणी संबंधित यंत्रणेकडे या कामाची कसलीच तयारी नव्हती. माणसे मेल्यानंतर तरी जनजागृती झाली का? फक्त सात प्रकरणांत, आणि तीही अर्धवट. त्या अर्धवट जागांमध्ये आपला साताराही आहे. सातारा! जिथे बाबासाहेबांच्या शालेय शिक्षणाची सुरुवात झाली, तिथे माणूस मेल्यावरही धड शिकवण झाली नाही.

आता प्रश्न असा, की शिकवायचे काय? गॅसपासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण आपल्या पोरांना मारतो तो गॅस. सडलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, हे सगळ्यांना माहीत असते. पुढचे मात्र फार थोड्यांना माहीत असते. गॅसचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास यायचाच बंद होतो. 'आता वास गेला, उतरा' असे मुकादम म्हणतो, ती नेमकी सर्वांत धोक्याची वेळ असू शकते. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतो. प्रमाण फार असेल तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, ओरडायलाही सवड मिळत नाही. शिवाय तो गाळात अडकून राहतो. वरून मोजला तेव्हा काही नव्हते, पण फावडे मारले, गाळ हलला, की उसळून वर येतो. म्हणून मोजमाप एकदा करून भागत नाही, काम चालू असेपर्यंत चालू ठेवावे लागते.

आपल्याकडच्या जुन्या तपासण्या काय आहेत? झाकण उघडून झुरळे जिवंत आहेत का बघायचे. नाहीतर कंदील किंवा पेटता कागद आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर प्राणवायू आहे एवढेच कळते. विषारी गॅस आहे की नाही हे कळत नाही. आणि आत मिथेन असेल तर तोच दिवा स्फोट घडवतो. नाकाला बांधलेला रुमाल आणि औषधाच्या दुकानातला कापडी मास्क यांचा या गॅसपुढे काडीचा उपयोग नाही. पण वर्तमानपत्रात 'सुरक्षा साधनांचे वाटप' या मथळ्याखाली छापलेल्या फोटोत नीट पाहा, बहुतेक वेळा तेच वाटलेले असते.

या मृत्यूंमध्ये एक फार क्रूर गोष्ट वारंवार घडते. एकजण आत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. अनेकदा ते सख्खे भाऊ असतात, बाप-लेक असतात, एकाच गल्लीतले मित्र असतात. बंदिस्त जागेतल्या अशा दुर्घटनांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक वाचवायला गेलेले असतात, असे अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्येच लिहून ठेवले आहे. आपल्या वस्तीतल्या पोरांच्या अंगी जिवाला जीव देण्याची रीत आहे, आणि ती रीतच इथे जीव घेते. दोर आधीच बांधलेला नसेल, तिपाई आणि ओढायचे चाक वर नसेल, तर वाचवायला उतरायचे नाही. १०१ ला फोन करून अग्निशमन दलाच्या हवेच्या सिलिंडरवाल्या जवानांची वाट पाहायची. आतला माणूस आपला भाऊ असताना हे ऐकून घेणे किती कठीण आहे! म्हणूनच ते आधी, शांतपणे, विहारात बसून सांगावे लागते.

काही वर्षांपूर्वी एका महापालिकेने सफाई कामगारांसाठी ठेवलेल्या प्रशिक्षणाला मी हजर होतो. पडद्यावरची चित्रे परदेशी, त्याखालची अक्षरे इंग्रजी. हजेरीपत्रकावर सह्या-अंगठे झाले, किट वाटले, फोटो झाला. एका वयस्क कामगाराने उठून विचारले, की सक्शन गाडी येईपर्यंत मी आत उतरणार नाही असे म्हटले तर चालेल का? अधिकाऱ्यांनी उत्तर दिले नाही. तेवढ्यात चहा आला.

मला वाटते, सगळ्या प्रशिक्षणाचा पहिला धडा त्या प्रश्नाचे उत्तर हा असायला हवा होता. आणि ते उत्तर टाळले जाते त्याला कायद्यातच एक कारण आहे. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात 'धोकादायक सफाई'वर बंदी आहे, असे आपण भाषणात सांगतो. पण व्याख्या वाचा. मालकाने सुरक्षा साधने आणि सफाईची उपकरणे न देता, खबरदारी न घेता, गटारात वा सेप्टिक टाकीत करून घेतलेली हाताने सफाई म्हणजे धोकादायक सफाई. म्हणजे साधने दिली, खबरदारी घेतली असे दाखवता आले, की बंदी सैल! नियमांत अपवाद मोजके आहेत, त्यासाठी स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, जागेवर पर्यवेक्षकासह किमान तीन माणसे लागतात. पण कंत्राटदाराला नियम नको असतात, त्याला पळवाट हवी असते. म्हणून प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि किट मिळाल्याची सही हे कामगाराचे कवच राहत नाही, ते कंत्राटदाराचा बचाव बनते. त्याच ५४ मृत्यूंच्या पाहणीत १८ प्रकरणांत मृताकडून लेखी संमती घेतलेली आढळली, पण धोका काय आहे हे त्याला समजावून सांगितलेले नव्हते. असल्या संमतीला काय किंमत द्यायची? बेकायदा कामाचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की खाली उतरणाऱ्याइतकेच, किंबहुना त्याच्या आधी, उतरवणाऱ्याला शिकवा. तो कोण? सोसायटीचा सेक्रेटरी, हॉटेलचा मालक, बांधकामाचा सुपरवायझर, वॉर्ड ऑफिसातला इंजिनिअर. सोसायटीची टाकी तुंबली की सेक्रेटरी नाक्यावर माणूस पाठवतो, हजार-दोन हजारांत सौदा होतो. सक्शन गाडी मागवली तर जास्त पैसे लागतात, मेंटेनन्स वाढतो. आपण हजार रुपयांत माणसाचा जीव पणाला लावतो आहोत आणि त्यासाठी तुरुंगात जाऊ शकतो, हे त्या सुशिक्षित गृहस्थाला कोणी शिकवलेले नाही. २०१३ च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षे आणि पाच लाख. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर हे लिहायला किती खर्च येतो?

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. खासगी कंत्राटदाराने नेमले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही, हे त्यातून ठरले. त्यानंतर २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई ३० लाख केली, कायमच्या अपंगत्वासाठी २० लाख. २९ जानेवारी २०२५ ला तर मुंबईसह सहा महानगरांत माणसाकडून ही सफाई करून घेणे बंद करा, असे फर्मावले. निकाल आहेत. ते वॉर्ड ऑफिसच्या जिन्यापर्यंत पोहोचत नाहीत.

इथे बाबासाहेबांची आठवण होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा क्षेत्रात गेले आणि खाणीत स्वतः खाली उतरले. कामगार कोळसा कसा खणतो ते पाहिले, त्याची चाळ पाहिली. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आज गटाराच्या कामाच्या निविदेवर सही करणाऱ्या साहेबांपैकी कितीजण उघड्या मॅनहोलच्या काठावर पाच मिनिटे उभे राहिले असतील?

नवा कायदाही समजून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामाच्या जागेची सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीची २०२० ची संहिता लागू झाली. १९४८ च्या कारखाना अधिनियमासह १३ कायदे तिच्यात गेले. तिच्यात नियुक्तिपत्र आहे, ठरावीक कामगारांसाठी वर्षाला मोफत आरोग्य तपासणी आहे. पण ती साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते. टाकी साफ करायला चारच जण येतात! जीवघेण्या कामाची अधिसूचना काढून एक कामगार असला तरी ही संहिता लावण्याची सोय तिच्यातच आहे. त्या अधिसूचनेत गटार आणि सेप्टिक टाकीचे काम स्पष्ट नावाने असलेच पाहिजे, हा आग्रह आपल्या आमदार-खासदारांनी धरला पाहिजे. आरक्षित जागेवरून निवडून आलेल्यांनी तर आधी.

आणि आपण? जयंतीला लाखाचा डीजे लावणाऱ्या मंडळांना राग येईल, पण लिहितो. त्यातल्या थोड्या पैशात मंडळाला एक गॅस डिटेक्टर घेता येतो, तो वापरायला चार पोरे शिकवता येतात. विहारात वर्षावासाच्या काळात एक रविवार या विषयाला देता येतो. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या पोराला 'गाडी मागवा, मी उतरणार नाही' हे वाक्य तोंडपाठ असले पाहिजे; आणि ते म्हटल्यावर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली तर वस्तीने ती भरून द्यायची तयारी ठेवली पाहिजे. नुसते वाक्य शिकवून चूल पेटत नाही.

शेवटी वकील म्हणून एक कामाची गोष्ट. अशी घटना घडली की पोलीस अपघाती मृत्यूची नोंद करतात, नाहीतर निष्काळजीपणाचे कलम लावून मोकळे होतात. २०१३ च्या कायद्याची कलमे लावा, असा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. माणसाला मैला हाताने उपसायला लावले असेल आणि तो अनुसूचित जातीचा असेल, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे २०१५ च्या दुरुस्तीतले कलमही मागा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुदत. २०१३ च्या कायद्याखाली घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार झाली नाही तर न्यायालय दखल घेत नाही. दुःखात, पुण्यानुमोदनात, कंत्राटदाराच्या मध्यस्थांच्या फेऱ्यांत हे तीन महिने कसे जातात कळत नाही. फोन कोणी केला, पैसे कोणी ठरवले, झाकण कोणी उघडले, हे शेजाऱ्यांकडून लगेच लिहून घ्या. शवविच्छेदन अहवालाची प्रत मागा. आणि सोसायटीच्या वॉचमनकडचे येण्या-जाण्याचे रजिस्टर पोलिसांना पहिल्याच दिवशी जप्त करायला लावा. आठवड्यानंतर ते सापडत नाही.