कोतल घोडा आणि पोर

स्वाराविना, हाताने धरून नेलेला घोडा म्हणजे कोतल. ज्या दोराने तो धरतात ती बागडोर. आषाढी वारीआधी बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरदारांचे दोन अश्व चालत आळंदीला निघतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ माउलींसाठी मोकळी.

लांबच्या रपेटीत असाच बागडोरीने धरलेल्या दुसऱ्या घोड्यावर पोर बसलं, की सगळी जबाबदारी पुढच्या स्वारावर येते. बागडोर मनगटाला गुंडाळायची नाही, स्वतःच्या खोगिराला बांधायची नाही. घड्या घालून मुठीत धरायची. घोडा बुजला तर ती सोडता आलीच पाहिजे, नाहीतर हात तरी जातो किंवा दोघंही पडतात. दुसऱ्या घोड्याचं तोंड आपल्या गुडघ्याशी ठेवावं. मागे पडला तर ओढ बसते, पुढे गेला तर तो आडवा येतो. वाट अरुंद असेल तर उतरून पायी धरणं बरं. पोराला खोगिराला कधीच बांधू नये. डोक्याला हेल्मेट, पायात टाचेचे बूट आणि रिकीब अशी, की पाय अडकणार नाही.

जांभ्याची लाल वाट माथेरानला आहे. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे घोडेवाले पोरांचे घोडे पायी चालत धरून नेतात. नवख्या पालकांनी आधी हीच रीत धरावी, असं मला मनापासून वाटतं. थकव्याकडेही लक्ष हवं. लांब पल्ल्याच्या स्पर्धेतल्या घोड्याची नाडी विसाव्यात मिनिटाला साधारण ६४ ठोक्यांवर उतरल्याशिवाय त्याला पुढे सोडत नाहीत. पोराचं थकणं मात्र आपणच त्याच्या सैल पडलेल्या गुडघ्यांवरून ओळखायचं.