ऊतिसंवर्धित खजुराचें रोप : घेण्यापूर्वीं कांहीं विचार

ज्येष्ठ-आषाढांत गिरगांव व दादर येथील बाजारांत कच्छी खारकांचे पिवळे-तांबडे घोस मांडलेले दिसतात. ते पाहून आपल्याही रानांत खजूर लावावा, असें पुष्कळ बागाईतदारांच्या मनांत येतें. त्यांच्यापुढें पहिला प्रश्न रोपाचा असतो. त्याचाच येथें विचार करूं.

खजुराचीं नर व मादी झाडें निरनिराळीं असतात. बी लावल्यास सुमारें निम्मीं रोपें नर निपजतात, आणि फुलोरा येईपर्यंत तीं ओळखतां येत नाहींत. मादी झाडाचें फळही मूळ झाडासारखें येईल असा नेम नाहीं. कच्छांतील बहुतेक झाडें बियांचीं असल्यामुळें तेथें झाडागणिक फळ निराळें आढळतें. बुंध्याजवळचें पिलूं लावल्यास जात कायम राहते. परंतु एक झाड उभ्या आयुष्यांत दहा-वीस पिलेंच देतें.

ही अडचण ऊतिसंवर्धनानें दूर होते. केळीच्या बाबतींत ही रीत जळगांवकडील शेतकऱ्यांस परिचित आहे. निवडक मादी झाडाचें पिलूं सोलून आंतील कोंब निर्जंतुक करितात व साखर, क्षार आणि संजीवकें घातलेल्या खळींत काचपात्रांत वाढवितात. अमेरिकेंतील टिसेरात यांनीं खजुराची अशी रीत १९७९ सालीं प्रसिद्ध केली. एका प्रकारांत कोंबापासून प्रथम पेशींचा आकारहीन गोळा करून त्यांतून भ्रूण उठवितात. याकरितां बहुधा २,४-डी योजितात. तण मारण्यास आपण फवारतों तेंच हें द्रव्य. दुसऱ्या प्रकारांत गोळा न करितां थेट नवे कोंब फोडवितात.

धोका मुख्यतः पहिल्या प्रकारांत आहे. गोळा फार दिवस वाढविल्यास कांहीं रोपें मूळ जातीहून भिन्न निघतात. बसऱ्याकडील बारही जातींत हा दोष विशेष नमूद झाला आहे. झाड निरोगी दिसतें, पण फळ धरीत नाहीं. मादी फुलांत तीन बीजकोश असतात. पराग लागल्यावर एकच वाढतो व दोन गळतात. सदोष झाडावर बीविरहित बारीक फळें तीन-तीन एकत्र राहतात. मात्र पराग न मिळाल्यासही असेंच होतें. म्हणून रोपास दोष देण्यापूर्वीं पुढील हंगामांत पोय फुटतांच ताजा पराग हातानें लावून पाहावा. त्याच परागानें शेजारचीं झाडें फळलीं व हें फळलें नाहीं, तर दोष रोपांतलाच समजावा. अशीं कांहीं झाडें पुढें सुधारतात; पण त्यावर विसंबूं नये.

आठ मीटर अंतरानें एकरीं सुमारें ६३ झाडें बसतात. फळ चौथ्या-पांचव्या वर्षीं दिसतें; म्हणजे चूक कळेपर्यंत पांच वर्षांचें पाणी, खत व जमीन खर्ची पडलेली असते. याकरितां जात, संवर्धनाचा प्रकार व भिन्न रोप बदलून देण्याची हमी पावतीवर लिहून घ्यावी. सर्व रोपें एकाच खेपेचीं घेऊं नयेत, आणि कोणत्या ओळींत कोणती खेप लावली याचा नकाशा जपून ठेवावा. पिकतें फळ पावसानें फुटतें व कुजतें; म्हणून बारहीसारखी पिवळी, करकरीत असतांनाच खाण्याजोगी जात आपल्याकडे बरी.

रोप प्रयोगशाळेंत तयार झालें, एवढ्यावरून तें निर्दोष ठरत नाहीं, हें बागाईतदारांनीं ध्यानांत ठेवावें अशी आमची विनंती आहे.